नागपूरचा उन्हाळा: तापमान, दमटपणा आणि वादळी पाऊस यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या माणसाला ऊन कशाला म्हणतात हे सांगावे लागत नाही. तरीही होळी झाली की हवामानाबद्दलचे तेच प्रश्न दर वर्षी पुन्हा विचारले जातात आणि त्यांतील बहुतेक एकाच आकड्याभोवती फिरतात: आज पारा कितीवर गेला? खालील उत्तरे लिहिताना आमचा आग्रह एकच आहे. कमाल तापमानाचा आकडा एकटा पाहू नये. त्याच्या जोडीला रात्रीचे किमान तापमान, हवेतील दमटपणा आणि दुपारी तीननंतरचे आभाळ पाहावे. आपल्या शहरात माणसे आजारी पडतात, दगावतात किंवा शेतकऱ्याचे नुकसान होते, ते पुष्कळदा पारा उतरलेला असतानाच.

नागपुरात उन्हाळा कधी सुरू होतो आणि तो पुढे कसा सरकतो?

‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण आपल्याकडे बरीचशी खरी ठरते. मार्चमध्ये कमाल तापमान साधारणपणे छत्तीस-सदतीस अंशांपर्यंत जाते, पण रात्री अजून सुसह्य असतात आणि पहाटे अंगावर चादर लागते. एप्रिलच्या मध्यापर्यंत चाळिशी ओलांडली जाते. मे महिन्यात सरासरी कमाल तापमान बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या घरात असते आणि महिन्याच्या उत्तरार्धात पंचेचाळीसचा टप्पा गाठला जाणे हे येथे नवल मानले जात नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पारा थोडा उतरतो, परंतु हवेत ओलावा येऊ लागल्यामुळे जीव जास्त कासावीस होतो. जूनच्या मध्याच्या सुमारास मोसमी पाऊस पोहोचला की कमाल तापमान झपाट्याने खाली येते. या साऱ्या प्रवासात मार्च ते मे या काळात मधूनमधून वादळी पाऊस आणि गारपीट यांची भर पडत असते.

पुण्या-मुंबईपेक्षा नागपूर इतके जास्त का तापते?

पहिले कारण समुद्रापासूनचे अंतर हे आहे. मुंबईचा किनारा येथून सरळ रेषेत सुमारे सातशे किलोमीटर लांब आहे आणि पूर्वेचा किनाराही पाच-सहाशे किलोमीटरवर आहे, त्यामुळे दुपारी समुद्रावरून येऊन हवा थंड करणारा वारा आपल्या वाट्याला येत नाही. उलट एप्रिल-मेमध्ये राजस्थानकडून मध्य प्रदेश ओलांडून येणारे वायव्येचे कोरडे, तापलेले वारे येथे पोहोचतात. आकाश निरभ्र असते, जमीन कोरडी असते आणि कोरड्या जमिनीत बाष्पीभवनावर उष्णता खर्च होत नसल्याने जवळपास सगळी उष्णता हवा तापवण्याच्या कामी येते.

दुसरे कारण उंची. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, तर पुणे सुमारे ५६० मीटरवर. तेवढ्या उंचीने दीड-दोन अंशांचाच फरक पडतो हे खरे, पण बाकीची कारणे आपल्या विरुद्ध असताना तेवढाही फरक लहान राहत नाही. त्यावर शहराने स्वतःची भर घातली आहे. सिमेंटचे रस्ते, काँक्रीटच्या इमारती आणि कमी होत गेलेली झाडी यांमुळे इतवारी-महालसारख्या दाट वस्तीत संध्याकाळी जी धग जाणवते, ती सेमिनरी हिल्स किंवा अंबाझरीच्या बाजूला तितकी जाणवत नाही. दुचाकीवरून एकदा हा प्रवास केला तरी फरक गालांना कळतो.

नवतपा ही केवळ समजूत आहे की त्यामागे काही तथ्य आहे?

सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हापासूनचे, म्हणजे साधारणपणे २५ मेपासूनचे नऊ दिवस विदर्भात नवतपा म्हणून ओळखले जातात. या समजुतीला खगोलाचा भक्कम आधार आहे. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने २६ मेच्या सुमारास सूर्य येथे माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो. त्या दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली तिच्या पायथ्याशीच नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. नागपुरातील आजवरच्या सर्वाधिक तापमानाची नोंद, म्हणजे ४७.९ अंश सेल्सिअस, २३ मे २०१३ रोजी झाली, म्हणजे नवतप्याच्या अगदी उंबरठ्यावर.

मात्र नवतप्यात दर वर्षी तापलेच पाहिजे असा नियम नाही. सूर्य ठरल्या दिवशी डोक्यावर येतो, पण आभाळ झाकलेले असले किंवा बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येऊ लागले तर याच नऊ दिवसांत वळवाचा पाऊसही पडतो. नवतपा तापला नाही तर पावसाळा बरा होत नाही, या विधानावर विसंबून पेरणीचा निर्णय घेणे आम्हांला धोक्याचे वाटते.

पारा ४४ अंशांवर असूनही उष्णतेची लाट जाहीर होत नाही, असे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्यामागची चीड समजण्यासारखी आहे. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असले पाहिजे आणि ते त्या काळातील सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असले तर ती उष्णतेची लाट होय, फरक ६.४ अंशांपेक्षा जास्त असला तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेले तर लाट आणि ४७ अंशांवर गेले तर तीव्र लाट मानली जाते. शिवाय एका हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर ही स्थिती सलग दोन दिवस राहावी लागते आणि दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

आता हे गणित नागपूरला लावून पाहावे. मार्चच्या अखेरीस सरासरी सदतीसच्या आसपास असताना पारा ४२ अंशांवर गेला तर ती लाट ठरते. मे महिन्याच्या शेवटी सरासरीच त्रेचाळीसच्या घरात असल्याने साडेचव्वेचाळीस अंशही ‘सरासरीपेक्षा थोडे जास्त’ एवढ्यातच बसतात. म्हणून लाट जाहीर झालेली नाही याचा अर्थ ऊन निरुपद्रवी आहे असा कोणीही घेऊ नये. निकष सरासरीशी तुलना करतो. रस्त्यावर हातगाडी ओढणाऱ्या माणसाचे शरीर अशी तुलना करत नाही. आम्ही याच्या उलट बाजूकडेही लक्ष वेधू इच्छितो: मार्चमधील ४२ अंश मे महिन्यातील ४४ अंशांपेक्षा अनेकांना जास्त बाधतात, कारण उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात आणि मार्चमध्ये ती सवय झालेली नसते.

मोबाइल, गाडी आणि बातम्या यांत तीन वेगळे आकडे दिसतात. खरा कोणता?

हवामान खात्याचे तापमापक सावलीत, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या जाळीदार पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवलेले असतात. बातम्यांत येणारा नागपूरचा आकडा बहुधा सोनेगाव विमानतळावरील वेधशाळेचा असतो. गाडीतील तापमापक तापलेल्या बोनेटजवळची आणि डांबरी रस्त्यालगतची हवा मोजतो, त्यामुळे तो दोन-चार अंश सहज जास्त दाखवतो. मोबाइलवरील आकडा पुष्कळदा प्रत्यक्ष मोजलेला नसून संगणकीय प्रारूपातून काढलेला असतो.

स्वयंचलित केंद्रेही चुकू शकतात. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि तो आकडा देशभर फिरला. पुढे तो उपकरणातील बिघाडामुळे आला असल्याचे हवामान विभागाने स्पष्ट केले. शेजारच्या केंद्रांपेक्षा एकच केंद्र आठ-दहा अंशांनी वेगळे बोलत असेल, तर तो आकडा पुढे पाठवण्याआधी थांबावे.

रात्रीच्या तापमानाकडे लक्ष देण्याची काय गरज आहे?

दिवसभर तापलेल्या शरीराला सावरण्यासाठी रात्रीचे काही थंड तास लागतात. मे महिन्यात नागपूरचे किमान तापमान साधारणपणे अठ्ठावीस अंशांच्या आसपास असते आणि तेही पहाटे पाचच्या सुमारास. झोपायच्या वेळी, रात्री दहा-अकराला, हवा पस्तीस अंशांच्या आसपास असू शकते. कमाल तापमान ४० अंश किंवा त्याहून जास्त असताना किमान तापमानही सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक वर राहिले, तर हवामान विभाग ती उष्ण रात्र म्हणून नोंदवतो. अशा दोन-तीन रात्री सलग गेल्या की झोप तुटते, हृदयावरचा ताण उतरत नाही आणि वयस्कर माणसे तिसऱ्या-चौथ्या दिवशी खचतात. अंदाज वाचताना कमाल तापमानाच्या शेजारचा हा लहान आकडा म्हणूनच आधी पाहावा.

घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना आणि टिनाच्या छपराखाली राहणाऱ्यांना याची सर्वाधिक झळ बसते. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री ती खोलीत सोडत राहतो. रात्री नऊ वाजता छताला तळहात लावला तर तो चटकन मागे घ्यावा लागतो. गच्चीला चुना किंवा उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग देणे हा त्यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. सूर्य मावळल्यावर गच्चीवर पाणी मारण्याची जुनी पद्धतही उपयोगी आहे, पण ज्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी येते तेथे ती सुचवणे आम्हांला योग्य वाटत नाही.

मे महिन्यात ४५ अंशांना कूलर छान चालतो आणि जूनमध्ये ३८ अंशांना तोच कूलर निकामी होतो. बिघाड कशात असतो?

बिघाड कूलरमध्ये नसतो. हवा बदललेली असते. या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले तर नागपूरच्या उन्हाळ्याचे अर्धे कोडे उलगडते, म्हणून ते थोडे विस्ताराने देत आहोत.

कूलर हवा थंड करतो तो पाण्याचे बाष्पीभवन करून. वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ओल्या ताट्यांतून गरम हवा आत ओढली जाते, तेथले पाणी वाफ होताना हवेतील उष्णता घेते आणि हवा थंड होऊन खोलीत येते. हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन जास्त. बाष्पीभवनाने हवा किती थंड होऊ शकते याला एक तळ आहे. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला असता जे तापमान दिसते तेच हे, आणि त्याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. मे महिन्यातील एखाद्या दुपारी ४५ अंश तापमान आणि १० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर हा तळ एकवीस-बावीस अंशांवर असतो. चांगला कूलर त्या तळापर्यंतचे सुमारे ऐंशी टक्के अंतर कापतो, म्हणजे खोलीत सव्वीस-सत्तावीस अंशांची हवा येते. जूनमध्ये ३८ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर तळच एकोणतीस अंशांवर चढलेला असतो. मग तोच कूलर, त्याच ताट्या आणि तेच पाणी असूनही एकतीस अंशांच्या खाली हवा मिळत नाही, आणि ती हवा ओलीचिंब असते. त्यातच अनेक घरांत खिडक्या बंद ठेवून कूलर चालवला जातो, त्यामुळे ओलावा खोलीत साठतो आणि तासाभरात भिंतींना हात लावला तरी चिकट वाटते. कूलरच्या समोरच्या बाजूची एक खिडकी नेहमी उघडी असली पाहिजे.

आपले शरीरही याच तत्त्वावर चालते. घाम येणे पुरेसे नसते. तो वाळला तरच शरीर थंड होते. मे महिन्यात घाम निघताक्षणी उडून जातो, म्हणून कपडे कोरडे राहतात आणि किती पाणी गेले हे कळतही नाही. जूनमध्ये घामाच्या धारा वाहतात पण वाळत नाहीत, म्हणजे पाणी आणि क्षार जातात आणि थंडावा मात्र मिळत नाही. ३८ अंश आणि ५० टक्के आर्द्रता ही स्थिती उष्णता निर्देशांकाच्या, म्हणजे तापमान आणि दमटपणा मिळून अंगाला किती उष्ण वाटते ते सांगणाऱ्या आकड्याच्या हिशेबाने सुमारे ४८ अंशांइतकी जाणवते. ‘आता पारा उतरला’ असे म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात लग्नाच्या मंडपात, शेताच्या बांधावर किंवा बांधकामाच्या जागी जी ढिलाई केली जाते, ती आमच्या मते उन्हाळ्यातील सर्वांत मोठी चूक आहे.

कूलर आणि पंखा वापरताना कोणती काळजी घ्यावी?

कूलरच्या टाकीत पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करणे पुरेसे मानू नये, प्लग काढावा. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय हे एकत्र आले की विजेचा धक्का जीवघेणा ठरतो. अर्थिंग तपासून घ्यावे आणि घरात गळतीचा विद्युतप्रवाह ताबडतोब तोडणारे उपकरण बसवून घ्यावे. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. खोलीचे तापमान चाळीसच्या पुढे गेले असेल तर नुसता पंखा गरम हवा अंगावर फेकत राहतो. अशा वेळी अंगावर ओला पंचा घेतल्याशिवाय पंख्याचा उपयोग होत नाही.

ऊन लागले आहे हे कसे ओळखावे आणि लगेच काय करावे?

डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे, खूप घाम आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. माणसाला सावलीत आणून, कपडे सैल करून, थोडे थोडे पाणी किंवा मीठ-साखरेचे पाणी दिले की तासाभरात बरे वाटू लागते. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, शुद्ध हरपली किंवा अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेले असते आणि येथे मिनिटे मोजायची असतात.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत वाट पाहत बसू नये. अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत, मानेवर आणि जांघेत बर्फ किंवा गार पाण्याने भिजलेली फडकी ठेवावीत. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी देऊ नये, कारण हा ताप जंतूंमुळे आलेला नसतो आणि गोळीने तो उतरत नाही. घाम आटला म्हणजेच उष्माघात, अशी एक समजूत आहे. ती पुरती खरी नाही. श्रमाचे काम करताना उष्माघात झालेल्या माणसाला घाम येतच असतो, आणि त्यामुळेच आजूबाजूचे लोक बेफिकीर राहतात.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही का?

खिशातल्या कांद्याने शरीराचे तापमान कमी होत नाही. कच्चा कांदा जेवणात खावा, कैरीचे पन्हे आणि मीठ घातलेले ताक प्यावे, डोक्याला आणि कानांना दुपट्टा बांधावा. या जुन्या सवयी खरोखर उपयोगी आहेत, कारण पन्ह्या-ताकातून पाण्याबरोबर क्षार मिळतात आणि दुपट्ट्यामुळे तापलेला वारा थेट त्वचेला लागत नाही. घरी क्षारांचे पाणी करायचे असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या लहान चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण पाळावे. मीठ अंदाजाने टाकू नये. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाणी व मीठ किती घ्यावे हे उन्हाळ्याच्या आरंभीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

भर उन्हाळ्यात अचानक वादळ आणि पाऊस कोठून येतो?

वादळी पावसाला तीन गोष्टी लागतात: खाली तापलेली हवा, मध्ये पुरेसा ओलावा आणि हवा वर उचलणारे काही निमित्त. पहिली गोष्ट नागपुरात एप्रिल-मेमध्ये रोजच असते. दुसरी बंगालच्या उपसागरावरून येते. तेथे उच्च दाबाचे क्षेत्र तयार झाले की त्याच्या कडेने दमट वारे छत्तीसगड, तेलंगणाच्या बाजूने विदर्भात शिरतात. तिसरी गोष्ट म्हणजे विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटक असा दक्षिणेकडे पसरणारा कमी दाबाचा पट्टा, ज्याचा उल्लेख हवामान विभागाच्या पत्रकात या दिवसांत वारंवार आढळतो. कोरडे पश्चिमी आणि दमट पूर्वेकडचे वारे या पट्ट्यात समोरासमोर येतात, हवा वर ढकलली जाते आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास फुलकोबीसारखे ढग फुगू लागतात. तासा-दीड तासात त्यांचे माथे बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोहोचतात.

या ढगांतून पाऊस खाली पडताना मधल्या कोरड्या हवेत त्याचा मोठा भाग वाफ होऊन जातो. ती हवा एकदम थंड आणि जड होते, जमिनीवर आदळते आणि चहूबाजूंना पसरते. आपल्याकडे पावसाचा पहिला थेंब पडण्याआधी जे वावधान सुटते, डोळ्यांत धूळ जाते, दुकानांवरची टिनपत्रे खडखडू लागतात, ते यामुळे. अर्ध्या तासात तापमान दहा अंशांनी उतरल्याचा अनुभवही येथे अनेकदा येतो. झाडे आणि विजेचे खांब पडतात ते बहुधा याच पहिल्या वाऱ्यात, म्हणून ‘पाऊस सुरू झाला की आडोसा बघू’ हा हिशेब चुकतो. तुटलेली वीजवाहिनी दिसली तर तिच्या जवळ न जाता महावितरणला १९१२ वर कळवावे.

‘तुरळक ठिकाणी वादळी पाऊस’ असा अंदाज होता. धरमपेठेत पडला, सक्करदऱ्यात नाही. मग अंदाज चुकला का?

चुकला नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील जास्तीत जास्त पाव भाग केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. ‘काही ठिकाणी’ म्हणजे साधारण पाव ते निम्म्या, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे निम्म्या ते पाऊण, आणि त्यापुढे जवळपास सर्वत्र. उन्हाळी वादळाचा ढग पाच-दहा किलोमीटर रुंदीचा असतो, त्यामुळे एका पेठेत रस्ते वाहतात आणि दुसरीत धूळही बसत नाही. इतका लहान ढग नेमका कोठे उगवेल हे चार दिवस आधी सांगता येत नाही. त्यासाठी नागपूरच्या डॉप्लर रडारच्या आधारे दिला जाणारा पुढील तीन तासांचा तात्कालिक इशारा पाहावा. पिवळा रंग सावध राहण्यासाठी, नारिंगी तयारीत राहण्यासाठी आणि लाल तत्काळ कृती करण्यासाठी असतो.

वीज कडाडत असताना शेतात किंवा रस्त्यावर असलो तर?

विदर्भ आणि मराठवाड्यात वीज पडून दर वर्षी माणसे आणि जनावरे दगावतात आणि त्यांतील बरीच झाडाखाली आसऱ्याला उभी असतात. पाऊस चुकवण्यासाठी झाड गाठण्याची सवय इतकी खोल आहे की हे वाक्य दर वर्षी पुन्हा लिहावे लागते: वीज चमकत असताना एकट्या, उंच झाडाखाली उभे राहू नये.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर असे अंतर निघते. ही मोजणी तीस सेकंदांच्या आत असेल तर पक्क्या घरात किंवा पत्र्याचा टप असलेल्या बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे तेथेच थांबावे. उघड्या शेतात असाल आणि जवळ काहीच नसेल तर लोखंडी अवजार दूर ठेवून, दोन्ही पाय जुळवून, उकिडवे बसून मान खाली घालावी. जमिनीवर आडवे पडू नये. ट्रॅक्टर, तारेचे कुंपण, विहिरीचा पंप आणि तलावाचा काठ यांपासून लांब राहावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अॅप आपल्या परिसरात पडणाऱ्या विजांची सूचना देते. गावात एकाच्या मोबाइलवर जरी ते असले तरी शेजारच्या दहा शेतांना हाक मारता येते.

गारपीट आणि वळीव यांचा संत्र्यावर व पेरणीवर काय परिणाम होतो?

मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडावर तयार असतात, गहू आणि हरभरा काढणीला आलेला असतो आणि गारपिटीचा हंगामही तोच. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने महाराष्ट्रात जे नुकसान केले ते अनेक शेतकरी आजही विसरलेले नाहीत. इशारा असेल त्या आठवड्यात तयार माल झाडावर किंवा खळ्यावर ठेवू नये. कळमना बाजारात नेतानाही ताडपत्री सोबत असावी, कारण उघड्यावर उतरवलेले धान्य पंधरा मिनिटांच्या पावसात भिजते.

पेरणीबाबत एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. मे अखेरीस किंवा मृगाच्या तोंडावर पडलेला वळीव हा मोसमी पाऊस नसतो. जमिनीचा वरचा थर ओला होतो, सुगंध सुटतो, हात बियाण्याकडे जातो आणि मग पंधरा दिवस उघाड पडते. दुबार पेरणीचा खर्च कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्याला परवडणारा नाही. कृषी विभागाचा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी न करण्याचा सल्ला याच अनुभवातून आलेला आहे.

मार्च-एप्रिलमध्ये येणाऱ्या हंगामी अंदाजावर किती भरवसा ठेवावा?

हंगामी अंदाज शक्यता सांगतो. ‘विदर्भात कमाल तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता अधिक’ असे म्हटले असेल, तर १९९१ ते २०२० या काळातील सरासरीच्या तुलनेत तीन महिन्यांचा एकूण कल उष्णतेकडे राहील एवढाच त्याचा अर्थ आहे. १२ मे रोजी मुलीच्या लग्नाच्या दिवशी किती तापेल हे त्यातून कळत नाही. मे २०२५ चे उदाहरण ताजे आहे. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, राज्यभर अवकाळी पावसाने मे महिना थंडावला, आणि नंतर मात्र मोसमी पावसाची वाटचाल दोन आठवड्यांहून अधिक काळ रखडली. कूलर-पंप दुरुस्ती, पाण्याची साठवण, बागेचे आच्छादन यांसारख्या तयारीसाठी हंगामी अंदाज वापरावा. आठवड्याच्या आखणीसाठी जिल्ह्याचा पाच ते सात दिवसांचा अंदाज आणि त्या दिवसासाठी सकाळचे पत्रक व दुपारचा तात्कालिक इशारा पाहावा.

मजुरांच्या आणि मुलांच्या वेळा कशा ठेवाव्यात?

नागपूर महानगरपालिकेची उष्णता कृती योजना २०१६ पासून अस्तित्वात आहे आणि अलीकडच्या उन्हाळ्यांत काही चौकांत सिग्नलवर थांबणाऱ्यांसाठी हिरव्या जाळ्यांची सावलीही दिसते. पण बांधकामावरील मजुराची वेळ ठरवतो तो ठेकेदार. दुपारी बारा ते चार हे तास टाळून पहाटे सहाला काम सुरू करणे, दर वीस मिनिटांनी पाणी, आणि नव्याने आलेल्या मजुराला पहिल्या आठवड्यात अर्धेच श्रम, एवढे तीन नियम पाळले तरी पुष्कळ जीव वाचतील. मुलांना बंद मोटारीत पाच मिनिटेही सोडू नये.

कुरड्या-पापडांची वाळवणे कोणत्या दिवशी घालावीत?

हा प्रश्न हवामानाच्या पानावर आला याचे आम्हांला समाधान वाटते, कारण अंदाजाचा इतका काटेकोर उपयोग दुसरे कोणी करत नाही. कुरड्यांचा चीक शिजवायला घेण्याआधी सलग दोन दिवसांचा अंदाज पाहावा आणि त्यात कमाल तापमानापेक्षा आर्द्रता व वादळाचा इशारा महत्त्वाचा मानावा. ४३ अंश आणि कोरडा वायव्येचा वारा असेल तर सकाळी सातला घातलेली कुरडई दुपारी दोनला कडेने उचलू लागते. पूर्वेकडून वारा येत असेल, सकाळी दहालाच मानेला घाम चिकटत असेल आणि दक्षिणेकडे ढगांचे पांढरे माथे दिसत असतील, तर पारा बेचाळीसवर असला तरी त्या दिवशी चीक शिजवू नये. घातलेच असेल तर दुपारी तीनच्या आत साडीसकट चारी टोके धरून सारे खाली आणावे, कारण वावधान सुटल्यावर गच्चीवर धावत जाणाऱ्याला वीज आणि उडते पत्रे या दोन्हींचा धोका असतो.